हात जड झाला तर लपवू नका

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला आणि आमच्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन सुरू झालं. वाचनाला नेमाने येणाऱ्या एक ताई आहेत. पन्नाशीच्या. दोन घरी स्वयंपाक करतात. दीड वर्षापूर्वी त्यांचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, शेकही घेऊन झाले. आजार आटोक्यात आला म्हणून आम्ही सगळ्या खूश होतो. पण वंदनेच्या वेळी एक गोष्ट आमच्या लक्षात येऊ लागली. पंचांग प्रणाम करताना ताई खाली वाकत नसत, बसूनच हात जोडत. आणि उजवा हात कायम पदराखाली.

एक दिवस पदर सरकला. पांढऱ्या ब्लाऊजच्या उजव्या बाहीची शिवण काखेपर्यंत उसवलेली होती. बाही दंडात जाईना, म्हणून त्यांनी स्वतःच उसवली होती. आम्ही विचारलं, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "ऑपरेशनवाला हात आहे बाई, सुजायचाच. आठ महिने झाले. आता हे असंच."

"आता हे असंच" हे शब्द आम्हाला खटकले. कारण हे असंच असावं लागत नाही. वेळेवर ओळखली तर ही सूज बऱ्याच अंशी कमी करता येते, आणि वाढण्यापासून थोपवता तर नक्कीच येते. उशीर झाला की मात्र ती हातात मुरते. आणि उशीर का होतो? त्याला कारणं दोन. एक, ऑपरेशननंतरची नेहमीची सूज कोणती आणि काळजीची कोणती, हे बाईला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं, घरातल्या कामाला सुट्टी नसते. म्हणून या अंकाचं आरोग्यपान या दोन्ही गोष्टींसाठी.

सूज येते कुठून?

आपल्या अंगात रक्ताच्या नळ्यांचं जाळं असतं, तसंच आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. रक्तातून पाझरून मांसात आणि कातडीखाली उरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं आणि कचरा या नळ्या गोळा करतात. या पाण्याला लसिका किंवा लिम्फ म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी वाटाण्याएवढ्या गाठी असतात. त्या लसिकाग्रंथी. तिथे हे पाणी गाळलं जातं, जंतू अडवले जातात आणि मग ते पाणी मानेजवळच्या मोठ्या शिरेतून पुन्हा रक्तात मिसळतं. हाताचं बहुतेक सगळं पाणी काखेतल्या गाठींमधून वर जातं.

स्तनाचा कर्करोग पसरताना अनेकदा आधी याच काखेतल्या गाठींत जातो. म्हणून ऑपरेशनमध्ये त्यातल्या काही किंवा बऱ्याचशा काढाव्या लागतात. नंतरच्या शेकांमुळे उरलेल्या नळ्या आखडतात. शेताच्या पाटात मधेच माती ढासळली तर काय होतं? वरून पाणी येत राहतं, पुढे जायला वाट अपुरी पडते आणि ते बांधाशी तुंबतं. हाताचं तसंच होतं. या तुंबण्यातून येणाऱ्या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात.

भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच. काखेतल्या बऱ्याच गाठी काढलेल्या दर पाच स्त्रियांपैकी साधारण एकीला ही सूज येते. फक्त पहिल्या एक-दोन गाठी काढून तपासल्या आणि बाकीच्या ठेवल्या, तर हे प्रमाण बरंच कमी, वीस जणींत एखादीला. काखेला शेक दिलेले असतील, वजन जास्त असेल किंवा हाताला जंतुसंसर्ग झाला असेल, तर धोका वाढतो.

म्हणजे या सुजेला कारण आहे, आणि ते शरीरात आहे. मागच्या जन्माच्या पापात नाही, कुणाच्या नजरेत नाही. गेल्या जन्माच्या कर्माची कल्पना बाबासाहेबांनी याच ग्रंथात खोडून काढली आहे. तरीही आजार आला की आपल्याच वस्तीत कुजबुज होते, "तिनं काय केलं असेल कोण जाणे." ही कुजबुज बाईला हात पदराखाली घ्यायला लावते. ती आधी थांबवली पाहिजे.

पहिल्या काही आठवड्यांची सूज

कोणत्याही मोठ्या ऑपरेशननंतर जखमेभोवती सूज येतेच. छातीवर, काखेत, दंडाच्या आतल्या बाजूला फुगल्यासारखं आणि बधिर वाटतं. ही सूज जखम भरण्याचाच भाग असते आणि साधारण काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ओसरते. तिला घाबरू नका, पण हातही बांधून ठेवल्यासारखा ठेवू नका.

ऑपरेशननंतर बहुतेकदा काखेजवळून एक नळी बाहेर काढलेली असते. जखमेत साठणारं पाणी तिच्यातून डबीत उतरतं. दिवसाला किती पाणी आलं ते वहीत लिहून ठेवायचं असतं. ते कमी झालं की डॉक्टर नळी काढतात. नळी काढल्यावर काखेत किंवा छातीवर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा फुगवटा आला, तर घरी दाबू नका, टोचू नका. दवाखान्यात सुईने ते पाणी काढता येतं.

झोपताना किंवा बसताना हाताखाली उशी घ्या. हात छातीच्या पातळीला किंवा किंचित वर राहील इतपत. डोक्यावर ताठ धरून ठेवायची गरज नाही.

डॉक्टरांनी मना केलं नसेल, तर पहिल्या दिवसापासून मूठ उघडायची-मिटायची, मनगट फिरवायचं, कोपर वाकवून सरळ करायचं. एका वेळी दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. सोबत पोट फुगवून सावकाश खोल श्वास. रक्त ढकलायला हृदय आहे, पण लसिकेसाठी असा वेगळा पंप नाही. तिला पुढे ढकलतात त्या नळ्यांच्या भिंती, आपले स्नायू आणि आपला श्वास. ज्यांनी विपश्यना किंवा आनापान केलं आहे, त्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला वेगळं शिकवावं लागणार नाही.

नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नका. ती निघाली आणि डॉक्टरांनी होकार दिला, की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. कालच्यापेक्षा दोन बोटं वर गेलं तरी पुष्कळ. काखेतून कोपराकडे जाणारी, दोरीसारखी ताणलेली शीर हाताला लागली, तर घाबरू नका. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत काहींना असं होतं. ताणाच्या व्यायामाने ती बहुधा काही महिन्यांत सैल पडते. फिजिओथेरपिस्टला मात्र दाखवा.

नंतर येणारी सूज: ही ओळखायला शिका

लिम्फेडिमा लगेच येईलच असं नाही. काही महिन्यांनी, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत, तर कधी बऱ्याच वर्षांनीही तो सुरू होतो. म्हणून "माझं तर ऑपरेशन जुनं झालं" असं म्हणून निर्धास्त होऊ नका.

तो गाजावाजा करत येत नाही. आधी हात जड वाटतो. दिवस मावळताना दंड ताठल्यासारखा होतो. बांगडी निघेना, अंगठी रुतायला लागते, ब्लाऊजच्या बाहीचा वळ उठतो. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि काही क्षण तसाच राहतो. या वेळी हात उशीवर ठेवून रात्रभर झोपलं की सकाळी सूज उतरलेली असते. नेमकं इथेच बाई फसते. सकाळी उतरली, म्हणजे गेली, असं तिला वाटतं. पुढच्या टप्प्यात रात्रीच्या विश्रांतीनेही सूज उतरत नाही. साठलेल्या पाण्यातल्या प्रथिनांमुळे कातडीखालचा भाग हळूहळू घट्ट, रबरासारखा होतो. मग दाबलं तरी खळगा पडत नाही. हत्तीपायासारखी अवस्था ही शेवटची पायरी. तिथपर्यंत फार कमी जणी जातात, आणि त्याही बहुधा उपचार न मिळाल्यामुळे.

म्हणून टेप घ्या. शिंपी वापरतो तो साधा कापडी टेप. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची मापं घेऊन ठेवा. तेव्हा राहून गेलं असेल, तर आज घ्या. मनगटाचा घेर, कोपराच्या खाली 10 सेंटीमीटरवरचा घेर आणि कोपराच्या वर 10 सेंटीमीटरवरचा घेर. टेप टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळेला, दोन्ही हातांची मापं तारीख घालून वहीत लिहा. आपण ज्या हाताने जास्त काम करतो, तो मुळातच थोडा जाड असतो. म्हणून एका दिवसाचं माप पाहून निष्कर्ष काढू नका, मापं कशी बदलत गेली ते पाहा. ऑपरेशनच्या बाजूचा हात कुठल्याही एका जागी दुसऱ्यापेक्षा 2 सेंटीमीटरने वाढला, तर वाट न पाहता दाखवा. माप वाढलेलं नसेल, पण जडपणा आठवडाभर जात नसेल, तरी दाखवा.

आणि एक महत्त्वाचं. शांत असलेला हात अचानक सुजला, तर तो लिम्फेडिमाच असेल असं धरून चालू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. क्वचित आजार परत आलेला असू शकतो. ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं.

उपचार काय असतो?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण या उपचारात गोळीला फारशी जागा नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही. कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून त्या आणून घेऊ नका. उपचार चार गोष्टींचा मिळून असतो. त्वचेची निगा, विशिष्ट पद्धतीचं हलकं मालिश, दाबाच्या पट्ट्या आणि व्यायाम.

हे मालिश म्हणजे बाळंतिणीला करतात तसं तेल लावून रगडणं नव्हे. नेमकं उलटं. कातडी जेमतेम सरकेल इतक्या हलक्या हाताने, तुंबलेल्या पाण्याला दुसरी वाट दाखवत केलेलं. आधी मान आणि निरोगी बाजूची काख मोकळी करतात, मग हाताकडे येतात. ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यायचं आणि त्यांच्याकडूनच स्वतः करायला शिकायचं. घरात कुणी जोर लावून रगडलं, तर सूज वाढू शकते.

पट्ट्या कमी ताणाच्या असतात आणि एकावर एक थर देऊन बांधतात. बोटांकडे दाब जास्त आणि दंडाकडे कमी. पायमुरगळीला बांधतो ते क्रेप बँडेज हे काम करत नाही. ते दंडाला घट्ट आवळलं, तर खालचं पाणी आणखी अडतं. दोन ते चार आठवडे असा उपचार झाला आणि हात बसला, की मापाची दाबाची बाही, म्हणजे स्लीव्ह, देतात. ती दिवसा घालायची, रात्री काढायची. साध्या साबणाने रोज धुवायची, सावलीत वाळवायची. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग बदलावी लागते. दोन असल्या तर आलटून पालटून वापरता येतात. पंजाही सुजत असेल तर नुसती बाही चालत नाही, हातमोजाही लागतो. नाहीतर दंडातलं पाणी पंजात उतरतं. मैत्रिणीची जुनी स्लीव्ह मागून घालू नका. माप चुकलं, तर फायद्याऐवजी तोटा.

हा उपचार चारचौघींत करायला लाजायचं कारण नाही. चष्मा जसा, तशी ही बाही.

त्वचा जपा, म्हणजे अर्धं काम झालं

लसिकाग्रंथी जंतूंशी लढतात. त्या कमी झाल्या, की त्या हाताचं पहारेकरी कमी झाले. एरवी आपण ज्याकडे लक्षही देत नाही, ती चीर किंवा तो चटका या हाताला महागात पडतो. आणि आपल्या आया-बहिणींची कामंच अशी, की हाताला रोज काहीतरी लागतं. धुणीभांडी, झाडलोट, कचरा वेचणं, बांधकामावरची घमेली, कापूस वेचणी, भातलावणी.

भांडी घासताना, फरशी पुसताना रबरी हातमोजे घाला. आत घाम साठतो, म्हणून काढल्यावर हात धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तिथे होणारी बुरशी हे जंतूंचं दार आहे. शेतात पूर्ण बाहीचा जुना सदरा घाला. भाकरी उलटताना बोटांऐवजी उलथणं वापरा. नखं कापताना कडेची कातडी ओढू नका. काखेतले केस ब्लेडने काढू नका. आंघोळीनंतर साधं खोबरेल तेल किंवा क्रीम हलकेच लावा, म्हणजे कातडी फुटत नाही. कापलंच, तर साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा आणि दोन दिवस त्या जागेकडे लक्ष ठेवा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, नाहीतर जखमा चिघळतात.

हात लाल झाला, गरम लागतोय, दुखतोय, सोबत थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उद्यावर ढकलू नका. हा जंतुसंसर्ग काही तासांत पसरू शकतो, आणि प्रत्येक संसर्गानंतर सूज आधीपेक्षा वाढून बसते. अशा वेळी मालिश थांबवा, स्लीव्ह काढा आणि प्रतिजैविकाचा कोर्स डॉक्टर सांगतील तितका पूर्ण करा.

लेप, शेक, जळवा, डाग देणं, दंडाला मंतरलेला दोरा आवळून बांधणं, यातलं काहीही या हाताच्या जवळ येऊ देऊ नका. गंडेदोरे आपण धम्म स्वीकारला तेव्हाच सोडले. आजारपणाच्या भीतीने ते मागच्या दाराने परत येतात, एवढंच लक्षात ठेवा. भगवंतांच्या काळी भिक्खुसंघावर उपचार करणारा जीवक हा शिकून तयार झालेला वैद्य होता, मांत्रिक नव्हता.

हात वापरायचा, पण राबवायचा नाही

"आता त्या हाताने काही उचलू नको" असं पूर्वी सरसकट सांगत. त्यामुळे बायका हात जपून जपून निकामी करून घेत. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाताला लिम्फेडिमा असलेल्या 141 स्त्रियांपैकी निम्म्या जणींना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम दिला. सुरुवात अगदी थोड्या वजनाने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, स्लीव्ह घालून. त्यांची सूज व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वाढली नाही, उलट सूज एकदम उसळण्याचे प्रसंग कमी झाले.

मग घरकाम हाच व्यायाम की, असं कुणी म्हणेल. तसं नाही. व्यायामात वजन हळूहळू वाढतं, मधे विश्रांती असते आणि त्रास झाला की थांबता येतं. दहा लिटरचा हंडा म्हणजे निव्वळ पाण्याचे दहा किलो. तो पहिल्याच दिवशी पूर्ण वजनाचाच असतो, आणि टँकर निघून जायच्या आत भरायचा असतो. तिथे मधेच थांबता येत नाही. फरक इथे आहे.

रक्तदाब मोजणं, रक्त काढणं, सलाईन यांबद्दल बायका फार धास्तावलेल्या असतात. शक्य असेल तेव्हा दुसरा हात पुढे करा. पण अडचणीच्या वेळी एकदा त्या हाताला पट्टा लावला, म्हणून हात सुजेलच असं नाही. वजन आटोक्यात ठेवा, जेवणातलं मीठ, पापड, लोणचं बेताचं ठेवा. पाणी पिणं मात्र कमी करू नका. पाणी कमी प्यायल्याने हातातलं पाणी कमी होत नाही.

14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर किंवा 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना रात्रभराचा प्रवास असतो. जरूर जा. पिशवी त्या खांद्याला अडकवू नका, कुणाच्या तरी हाती द्या. स्लीव्ह असेल तर प्रवासात घाला. तासाभराने मूठ उघडा-मिटा. गाडीत हात लोंबकळत ठेवून झोपू नका, मांडीवर उशी किंवा घडी केलेली चादर ठेवून तिच्यावर ठेवा. परतताना पुस्तकांचं ओझं तरण्या मुलांनी उचलावं.

आता घरातल्यांशी थोडं बोलू

आम्ही ताईंच्या घरी गेलो, तेव्हा त्या दारात बसून चादरी पिळत होत्या. घरात दोन कमावते मुलगे, नवरा. तिघंही प्रेमळ. केमोच्या वेळी रांगेत उभे राहिले, रात्री दवाखान्याच्या जिन्यात झोपले. पण ऑपरेशन झालं, शेक संपले, डोक्यावर केस परत आले, तसं घरानं धरलं की आई बरी झाली. पाण्याचा हंडा, कपड्यांचा पिळा, पीठ मळणं, सगळं पुन्हा तिच्या हाती आलं. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणी विचारच केला नाही.

दवाखान्यातून मिळालेला कागद त्यांनी ट्रंकेतून काढून दाखवला. सगळा इंग्रजीत. हाताच्या व्यायामाच्या दोन ओळी त्यात होत्या. दीड वर्षात त्या कुणी त्यांना वाचून दाखवल्या नव्हत्या. मोठा मुलगा पदवीधर आहे. त्याने त्या आमच्यासमोर पहिल्यांदा वाचल्या आणि बराच वेळ मान वर केली नाही.

भावांनो, मुलांनो, तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. शिकलात, हे चांगलंच झालं. ते शिक्षण आईच्या दवाखान्याच्या कागदापर्यंत पोचू द्या. चार कामं तुमच्याकडे घ्या. पाणी भरणं, ओले कपडे पिळणं, जड पिशव्या आणणं आणि खसाखसा घासायची भांडी. महिन्यातून एकदा टेप धरा, कारण एका हाताने स्वतःच्या हाताचं माप नीट घेता येत नाही. समतेवर भाषण करणं सोपं असतं. चादर पिळायला दोन मिनिटं लागतात.

जिथे ताई काम करतात तिथेही बोलावं लागलं. एका घरी समजून घेतलं आणि पीठ मळण्याचं काम काढलं. दुसऱ्या घरचं काम सोडावं लागलं. त्या पैशांची तूट भरून काढायला मुलांनी वाटा उचलला. हा प्रश्न नुसत्या सल्ल्याने सुटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

कुठे जावं?

ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, तिथेच आधी विचारा. परळचं टाटा मेमोरियल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय अशा कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिओथेरपी विभागात "ऑपरेशननंतर हाताला सूज आली आहे, लिम्फेडिमासाठी दाखवायचं आहे" असं स्पष्ट सांगा. नुसतं "हात दुखतो" म्हटलं, तर दुखण्याची गोळी देऊन पाठवतील. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. पट्ट्या आणि स्लीव्हचा खर्च त्यात किंवा रुग्णालयाच्या मदतनिधीतून बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा विभागाला विचारा. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिथेही चौकशी करा.

हे पान डॉक्टरांची जागा घेत नाही. प्रत्येकीचं ऑपरेशन वेगळं, शेक वेगळे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

विहारात एक टेप

ताईंचा उपचार सुरू झाला. तीन आठवडे पट्ट्या झाल्या, आता स्लीव्ह आहे. हात पूर्वीसारखा झाला नाही. आठ महिने मधे गेले, त्यांची किंमत मोजावीच लागली. पण दंडाचा घेर उतरला, ताठपणा कमी झाला आणि गेल्या तीन महिन्यांत माप वाढलेलं नाही. ब्लाऊजची शिवण त्यांनी पुन्हा घातली, थोडी सैल ठेवून.

त्या संध्याकाळी वाचनात योगायोगाने रुग्णसेवेचाच प्रसंग आला. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. तो संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर निजवलं. मग भिक्खूंना बोलावून समजावलं, की इथे तुमची काळजी घ्यायला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली पाहिजे. वाचन संपल्यावर नेहमीसारखी लगबग झाली नाही. ताई मागे बसल्या होत्या. त्यांनी पदर सरकवला आणि स्लीव्ह घातलेला हात सगळ्यांसमोर वर केला. म्हणाल्या, "कुणाचा जड झाला असेल तर सांगा गं. मी सोबत येते."

दोघी पुढे आल्या. एकीच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली होती.

आता आमच्या विहाराच्या कपाटात पूजेच्या साहित्याशेजारी एक कापडी टेप आणि एक वही ठेवली आहे. पौर्णिमेला वंदना झाली, की ज्यांना माप घ्यायचं त्या मागच्या खोलीत येतात. दहा मिनिटांचं काम. खर्च टेपाचा आणि वहीचा. तुमच्याही विहारात हे करता येईल. पुढच्या पौर्णिमेची वाट पाहू नका. तुमच्या घरात, शेजारात, मंडळात कुणाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आजच तिला विचारा, "ताई, हात कसा आहे?"

सर्वांचं मंगल होवो. जय भीम.